हवाई तळाचा शेजारधर्म

इंदूरच्या मराठी घरांत असे घर विरळाच, ज्याचे कोणी पुण्याला नाही. सुट्ट्या, लग्नकार्ये, मुलांची शिक्षणे या ना त्या निमित्ताने इंदूर–पुणे विमानाने आपली ये-जा चालूच असते. ते विमान लोहगावला ज्या धावपट्टीवर टेकते ती मुळात हवाई दलाची आहे. तिथले हवाई वाहतूक नियंत्रण हवाई दलाच्या हाती आहे आणि त्याच पट्टीवरून सुखोई विमाने रोज सरावाला जातात. ग्वाल्हेरला तेच चित्र दिसते: महाराजपूरचा तळ हवाई दलाचा, नागरी टर्मिनल त्याच्या कडेला. इंदुरात लढाऊ विमानांचा तळ नाही हे खरे. पण महू हाकेच्या अंतरावर, ग्वाल्हेर आपल्याच राज्यात आणि निम्मे गणगोत पुणे-नाशिककडे, त्यामुळे लष्करी विमानांच्या सरावाशी आपला संबंध नाही असे इंदूरकराला म्हणता यायचे नाही. 7 मे 2025 रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, तेव्हा मध्य प्रदेशातून निवडलेल्या पाच ठिकाणांत इंदूर आणि ग्वाल्हेर दोन्ही होती. या लेखात एकच मुद्दा मांडायचा आहे. हवाई तळावरच्या सरावाची सुरक्षितता कुंपणाच्या आत जेवढी ठरते, जवळजवळ तेवढीच ती कुंपणाबाहेरच्या आठ-दहा किलोमीटरांत ठरते. त्या पट्ट्यात राहणाऱ्याने, घर घेणाऱ्याने, दुकान चालवणाऱ्याने काय करावे, काय टाळावे आणि बदल्यात कोणाकडून काय मागावे, हे नीट समजून घेण्याची गरज आहे.

आधी सराव म्हणजे काय ते पाहू, कारण बरीचशी नाराजी ते माहीत नसल्यामुळे येते. ग्वाल्हेरच्या तळावर 1985 पासून मिराज 2000 विमाने आहेत. फेब्रुवारी 2019 मधल्या बालाकोटच्या कारवाईत हीच विमाने होती. हवाई युद्धाचे डावपेच शिकवणारी ‘टॅकडे’ ही संस्थाही तिथेच आहे. 1971 साली आदमपूरला सुरू झालेली ही संस्था जामनगरमार्गे ग्वाल्हेरला आली. निवडक वैमानिक तिथे येतात, दोन बाजू करून एकमेकांविरुद्ध लढण्याचा सराव करतात आणि आपापल्या स्क्वाड्रनमध्ये परतून इतरांना शिकवतात. फेब्रुवारी 2004 मध्ये अमेरिकेची एफ-15 विमाने ‘कोप इंडिया’ सरावासाठी ग्वाल्हेरलाच उतरली होती. अशा प्रत्येक उड्डाणाआधी हवामान, पर्यायी धावपट्ट्या, इंधनाचा हिशेब, कोणत्या उंचीच्या खाली यायचे नाही, या सगळ्याची तपशीलवार चर्चा होते. उड्डाण तासाभराचे असते, पण परतल्यावर त्याची चिरफाड अनेकदा त्याहून जास्त वेळ चालते. वैमानिकाइतकाच सराव जमिनीवरच्या माणसांचाही होत असतो. विमान उतरल्यावर त्यात इंधन भरून, शस्त्रे चढवून, तपासून ते किती मिनिटांत पुन्हा वर पाठवता येते, याची परीक्षा युद्धात होते आणि तयारी शांततेत करावी लागते. म्हणून एखादा आठवडा शांत जातो आणि पुढच्या आठवड्यात पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत आवाज थांबत नाही. रात्रीचे उड्डाण रात्रीच शिकता येते, त्याला इलाज नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की हे सगळे वस्तीवर कशाला? वाळवंटात जावे, नाहीतर सिम्युलेटरवर करावे. आक्षेप अगदीच निराधार नाही आणि त्यातले शक्य तेवढे हवाई दल करतेही. शस्त्रे सोडण्याचा सराव पोखरणसारख्या राखीव क्षेत्रांत होतो. फेब्रुवारी 2024 मधला ‘वायुशक्ती’ सराव तिथेच झाला. लढतीचा सराव ठरवून दिलेल्या हवाई क्षेत्रात, शहरांपासून दूर होतो. सिम्युलेटरवर आणीबाणीचे प्रसंग शंभरदा घोटून घेता येतात, ते तसे घेतलेही जातात. पण वळणावर शरीरावर येणारा सात-आठ पटींचा भार सिम्युलेटर देऊ शकत नाही, शेजारच्या विमानाच्या पंखाजवळ राहण्याची धास्ती देत नाही आणि तळावरच्या तंत्रज्ञांना तर त्यातून काहीच मिळत नाही. राहिले उड्डाण आणि उतरणे. ते धावपट्टीवरच होणार आणि धावपट्टी जिथे आहे तिथेच राहणार. लोहगावचा तळ 1939 चा. तेव्हा त्याच्या भोवती शेते होती. विमाननगर, धानोरी, खराडी नंतर आली. शहर तळापाशी चालत आले, तळ शहरात घुसला नाही. यात दोष आलेल्या माणसांचाही म्हणता येणार नाही. परवानग्या देणाऱ्यांनी दिल्या म्हणून ती आली. पण आता दोघांना एकत्र राहायचे आहे हे वास्तव धरूनच पुढचा विचार करावा लागतो.

त्या विचारात पहिला मान पक्ष्यांचा. विमानाला सर्वांत मोठा धोका शत्रूचा किंवा बिघाडाचा, असे आपण समजतो. पण तळावरच्या कोणत्याही अधिकाऱ्याची रोजची काळजी घार, टिटवी, पारवा आणि वटवाघूळ यांची असते. प्रौढ घारीचे वजन पाऊण किलोच्या आसपास भरते. ताशी 800 किलोमीटर वेगाने जाणारे विमान तिच्यावर आदळले, तर त्या टकरीतली ऊर्जा जवळपास 19,000 ज्यूल होते. दोन टनांची मोटार एक मीटर उंचीवरून पडावी, तेवढा तो तडाखा असतो आणि तो इंजिनाच्या पात्यांवर किंवा वैमानिकासमोरच्या काचेवर हाताएवढ्या जागेत बसतो. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते, म्हणून प्रवासी विमानापेक्षा लढाऊ विमानाला पक्षी अधिक महाग पडतो. त्यातून मिराज किंवा तेजस एकाच इंजिनाची. ते बंद पडले तर दुसरे नाही.

घार आकाशात कशी येते ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. रविवारी मटणाच्या दुकानाचा कचरा किंवा घरातली हाडके पिशवीत बांधून कोणीतरी मोकळ्या प्लॉटवर टाकतो. सोमवारी सकाळी कुत्री पिशवी फाडतात, कावळे गोळा होतात आणि कावळ्यांची गर्दी पाहून घारी उतरतात. नऊ-दहाच्या सुमारास जमीन तापते, गरम हवा वर चढू लागते. पोट भरलेल्या घारी त्या हवेवर पंख न हलवता गोल गोल फिरत दोनशे, तीनशे मीटर उंच जातात. उतरण्यापूर्वी धावपट्टीला वळसा घालणारी लढाऊ विमाने साधारण त्याच उंचीवर असतात आणि सकाळच्या उड्डाणांची वेळही तीच. म्हणजे कुंपणापासून चार किलोमीटरवर पडलेली एक पिशवी बारा-चौदा तासांनी थेट विमानाच्या वाटेत येते. पावसाळ्यात त्यात वाळवीच्या पाखरांची आणि गांडुळांची भर पडते. टिटव्या तर धावपट्टीच्या कडेच्या गवतातच अंडी घालतात. गवत किती वाढू द्यायचे, फटाके कधी वाजवायचे, हे तळाची माणसे कुंपणाच्या आत बघतात. ही माणसे रोज ओळीने चालत धावपट्टीवरचा खडा न् खडा वेचतात, कारण इंजिनात गेलेला एक स्क्रूदेखील पाती तोडू शकतो. पण बाहेरच्या प्लॉटवरची पिशवी वेचायला त्यांना येता येत नाही. ते काम आपलेच आहे.

हे सगळे कागदोपत्री वाटत असेल तर अंबाल्याची घटना आठवावी. 27 जून 2019 रोजी सकाळी एक जग्वार विमान उड्डाण करताच पक्ष्यांच्या थव्यात सापडले आणि त्याचे एक इंजिन निकामी झाले. वैमानिकाने वजन कमी करण्यासाठी इंधनाच्या बाहेरच्या टाक्या आणि सरावाच्या लहान बॉम्बचे पेटारे सोडून दिले आणि एका इंजिनावर विमान परत उतरवले. सोडलेल्या वस्तू तळालगतच्या वस्तीत पडल्या, आग लागली, सुदैवाने माणूस दगावला नाही. विमान वाचवणारा वैमानिक कौतुकाला पात्र आहेच. पण ज्या वस्तीवर टाक्या पडल्या तिचाही या प्रश्नाशी किती जवळचा संबंध आहे, हे त्या दिवशी दिसले. पक्षी हटवणे म्हणजे हवाई दलावर उपकार नव्हेत. ज्याच्या डोक्यावरून विमान जाते, पहिला फायदा त्याचाच.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. विमान नियम, 1937 नुसार विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून 10 किलोमीटरच्या आत पक्ष्यांना ओढणारा कचरा टाकायला आणि उघड्यावर जनावरे कापायला, सोलायला बंदी आहे. उल्लंघनाला तुरुंगवासापर्यंतची शिक्षा आहे. यावर मटण-मासळी विक्रेत्यांचे म्हणणे असते की नियमाचा वरवंटा आमच्यावरच फिरतो. त्यात तथ्य आहे. दुकान बंद करणे हा सोपा उपाय, पण तो योग्य नव्हे. दुकानातला कचरा बंद डब्यात, रोज, ठरल्या वेळी उचलला जाईल आणि त्याची विल्हेवाट बंदिस्त जागी लागेल, ही व्यवस्था पालिकेने द्यायची आहे. ती दिल्यावर न पाळणाऱ्याला दंड करावा. आणि अशी व्यवस्था उभी राहू शकते याचा पुरावा शोधायला इंदूरकराला लांब जायला नको. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात पहिला आलेला आपला नगर निगम घराघरांतून वेगवेगळा कचरा उचलतो. देवगुराडियाचा जुना कचऱ्याचा डोंगर खणून काढला गेला आणि 19 फेब्रुवारी 2022 रोजी तिथे रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन झाले. हे सगळे शहर सुंदर दिसावे म्हणून झाले असे आपण मानतो. उघडा कचरा नाहीसा झाला की घारी आणि भटकी कुत्री यांचे अन्नही नाहीसे होते, हा त्याचा विमानांना होणारा लाभ फारसा कोणी बोलून दाखवत नाही. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाला त्याची जेवढी गरज आहे, त्याहून जास्त ती लोहगावला आणि महाराजपूरला आहे. तिथल्या नातेवाइकांना इंदूरकराने सांगण्यासारखी एक गोष्ट असेल तर ती हीच: ओला कचरा रात्री बाहेर ठेवू नका, मोकळ्या प्लॉटच्या मालकाला पालिकेची नोटीस जाईपर्यंत तक्रार सोडू नका, गच्चीवर पारव्यांना दाणे घालू नका. पुण्य मिळवायला दुसऱ्या पुष्कळ वाटा आहेत.

पक्ष्यांखालोखाल माणसाने वर सोडलेल्या वस्तू. संक्रांतीला माळव्यात आकाश पतंगांनी भरते आणि ते भरावे. पण धावपट्टीच्या दोन्ही टोकांच्या रेषेत, जिथे विमान दोनशे फुटांवरून येते, तिथे पतंग उडवू नये. 1934 च्या विमान कायद्याने तर पतंगाची गणतीही विमानातच केली होती. कल्पना विचित्र वाटते खरी, पण हवेतली कुठलीही वस्तू दुसऱ्या उडणाऱ्या वस्तूला अडथळा असते, हा तिच्यामागचा विचार बरोबर होता. लग्नाच्या वरातीतले आकाशात फिरणारे प्रखर झोत आणि हिरवे लेझर याहून घातक. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर लेझर पडला की वैमानिकाला काही सेकंद धावपट्टी दिसत नाही आणि उतरताना तेवढे सेकंद पुरतात. कार्यालय ठरवताना, बँड ठरवताना ही अट आधीच घालावी. ऐनवेळी कोणी ऐकत नाही. ड्रोनचे म्हणाल तर ड्रोन नियम, 2021 प्रमाणे उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर आपली जागा पाहणे बंधनकारक आहे. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन वर जाताच कामा नये. प्रशासन तात्पुरते लाल क्षेत्रही जाहीर करू शकते आणि मोठ्या सरावाच्या किंवा तणावाच्या दिवसांत ते होतेच. साखरपुड्याचे चित्रीकरण करणाऱ्या मुलाला हे माहीत असेलच असे धरून चालू नये, त्याला काम देणाऱ्याने विचारावे.

आता आवाज. रोजच्या उड्डाणाचा आवाज हा खरा त्रास आहे आणि तो देशप्रेमाचे नाव घेऊन उडवून लावणे अन्यायाचे आहे. आजारी माणूस, तान्हे मूल, परीक्षेचा विद्यार्थी यांना त्याची किंमत मोजावी लागते. धावपट्टीच्या रेषेतल्या घराला दुहेरी काचेच्या, घट्ट बसणाऱ्या खिडक्या लावल्या तर फरक पडतो. घर बांधतानाच झोपण्याच्या खोल्या धावपट्टीच्या उलट्या बाजूला घेतल्या तर जास्त पडतो. शाळा आणि रुग्णालये यांच्या व्यवस्थापनाने तळाच्या प्रशासनाला परीक्षा किंवा विशेष कारणांच्या तारखा लेखी कळवाव्यात. प्रत्येक वेळी वेळापत्रक बदलेल असे नाही, पण न सांगितलेली अडचण कोणालाच कळत नाही. मोठा सराव किंवा क्षेपणास्त्र चाचणी असली की वैमानिकांसाठी ‘नोटॅम’ नावाची सूचना निघते, तीत हवाई क्षेत्र किती वेळ बंद राहील ते लिहिलेले असते. ती गोपनीय नसते. त्या काळात विमानप्रवास असेल तर हातात वेळ राखून निघावे.

क्वचित ऐकू येणारा, पण घबराट उडवणारा आवाज म्हणजे ध्वनीचा वेग ओलांडणाऱ्या विमानाचा धमाका. 20 मे 2020 रोजी दुपारी सगळे बंगळुरू तशा आवाजाने हादरले. भूकंप झाला, स्फोट झाला, अशा बातम्या घरोघरी पोचल्या. संध्याकाळी खुलासा आला की हवाई दलाच्या एका चाचणी विमानाचे ते उड्डाण होते, विमान शहराच्या हद्दीबाहेर 36,000 ते 40,000 फुटांवर होते आणि वेग कमी करताना झालेला धमाका बहुधा लोकांना ऐकू आला. इतक्या उंचीवरचा आवाज कित्येक किलोमीटर पसरतो, कारण ध्वनीपेक्षा वेगाने जाणारे विमान आपल्यामागे दाबाची लाट ओढत नेते आणि ती लाट वाटेतल्या प्रत्येक गावाला गाठते. आपल्याकडे नर्मदेच्या खोऱ्याला भूकंपाचा इतिहास आहे, मे 1997 मधला जबलपूरचा भूकंप अजून लोकांच्या स्मरणात आहे, म्हणून फरक ओळखता यायला हवा. भूकंपात जमीन आणि टांगलेला दिवा काही सेकंद हलत राहतो. धमाक्यात एक किंवा लागोपाठ दोन ठोके बसतात, खिडक्या थरथरतात आणि लगेच शांत होते. अशा वेळी काचेपासून दूर व्हावे, राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची नोंद पाहावी आणि ती पाहेपर्यंत एकही संदेश पुढे पाठवू नये. काच फुटली, भिंतीला तडा गेला तर तारीख-वेळेसह छायाचित्र घेऊन ठेवावे.

सगळ्यांत कठीण प्रसंग विमान कोसळण्याचा. तो आपल्याकडे घडतच नाही असे नाही. ऑक्टोबर 2014 मध्ये पुण्याजवळ थेऊरला सुखोई कोसळले, जून 2018 मध्ये आणि पुन्हा 4 जून 2024 रोजी नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, दुसऱ्या वेळी शिरसगावच्या शेतात. 28 जानेवारी 2023 रोजी ग्वाल्हेरहून उडालेले सुखोई आणि मिराज सरावादरम्यान कोसळले. मिराजचा वैमानिक मृत्युमुखी पडला आणि अवशेष मुरैनापासून राजस्थानातल्या भरतपूरपर्यंत सापडले. फेब्रुवारी 2025 मध्ये शिवपुरी जिल्ह्यात मिराजचे प्रशिक्षण विमान पडले, त्यातले दोघेही वाचले. या बहुतेक प्रसंगांत गावकरीच आधी पोचले. ते मदतीला धावले याचे मोल मोठे आहे, पण काय करायचे नाही हे माहीत नसेल तर मदतच जिवावर बेतते. जळणारे विमान दिसले की आधी 112 ला फोन करावा, जागा नेमकी सांगावी, मग वाऱ्याची दिशा पाहून धूर आपल्याकडे येणार नाही अशा बाजूला, तीन-चारशे मीटर तरी लांब थांबावे. विमानाच्या अंगातले कार्बनचे धागे जळून सुटतात आणि श्वासातून आत जातात. इंधन भडकते, ऑक्सिजनच्या टाक्या फुटतात, आणि वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनाखाली स्फोटक काडतुसे असतात, त्यातली एखादी न उडालेली असू शकते. म्हणून रिकामे पडलेले आसनही हाताळू नये. महूच्या फायरिंग रेंजलगतच्या गावांना न फुटलेल्या गोळ्याबाबत जी सावधगिरी पाळावी लागते, तीच इथे.

वैमानिक हवाई छत्रीने उतरला असेल तर त्याला उचलून खाटेवर किंवा खुर्चीवर बसवण्याचा मोह आवरावा. विमानातून बाहेर फेकले जाताना त्याच्या पाठीच्या कण्यावर शरीराच्या वजनाच्या बारा-पंधरा पट भार क्षणात येतो आणि मणका मोडलेला असण्याची शक्यता खरी असते. तो चालत असला, बोलत असला तरीही. त्याला सपाट जमिनीवर उताणे राहू द्यावे, हेल्मेट ओढून काढू नये, छत्री वाऱ्याने त्याला फरपटवत असेल तरच तिचे कापड दाबून धरावे. पाणी, दूध, चहा पाजण्याची घाई करू नये. शस्त्रक्रिया लागली तर पोट रिकामे असलेले बरे. सावली करावी, गर्दी मागे ठेवावी, त्याने सांगितलेला नंबर लावून द्यावा. आणि त्याचे चित्रीकरण करून जगाला दाखवू नये. त्याच्या घरच्यांना अजून काही कळलेले नसते.

अवशेषांचा तुकडा आठवण म्हणून घरी नेणे हा गुन्हा तर आहेच, पण त्याने होणारे नुकसान त्याहून मोठे आहे. चौकशी करणारे अधिकारी इंजिनाच्या एका पात्याच्या तुटण्यावरून कारण शोधतात. तो तुकडाच गेला तर तोच बिघाड दुसऱ्या विमानात राहून जातो. ज्याच्या शेतात विमान पडले त्याचे दुःख मात्र वेगळे. बऱ्याचदा विमानापेक्षा बघ्यांच्या पायांनी पीक जास्त जाते. अशा शेतकऱ्याने पहिल्याच दिवशी मध्य प्रदेशात पटवारी, महाराष्ट्रात तलाठी यांच्याकडून पंचनामा करून घ्यावा, त्यात पीक, झाडे, ठिबकच्या नळ्या, विहीर सगळे वेगवेगळे नोंदवावे, तहसीलदाराकडे भरपाईचा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. इंधन विहिरीत उतरले असेल तर पाणी तपासून येईपर्यंत जनावरांनाही पाजू नये. भरपाई मागणे म्हणजे सैन्याविरुद्ध उभे राहणे नव्हे, हे गावातल्या पुढाऱ्यांनी त्याला ठामपणे सांगावे.

पुण्यात मुलांसाठी सदनिका घेणाऱ्या इंदूरकरांसाठी एक निकडीची सूचना. विमाननगर, लोहगाव, धानोरीच्या बाजूला इमारत असेल तर उंचीचा ना-हरकत दाखला मागावा आणि त्यावर लिहिलेली समुद्रसपाटीपासूनची उंची प्रत्यक्ष मजल्यांशी जुळते का ते वास्तुरचनाकाराकडून पडताळून घ्यावे. लष्करी विमानतळाभोवती हा दाखला हवाई दलाकडून येतो. शिवाय 1903 च्या संरक्षणविषयक बांधकाम कायद्याखाली तळाच्या भिंतीपासून 100 मीटर आणि लोहगावच्या दारूगोळा साठ्याभोवती 900 मीटर पट्ट्यात बांधकामावर निर्बंध आहेत. ‘सगळे बांधतात’ हे विकासकाचे उत्तर त्या दाखल्याची जागा घेऊ शकत नाही.

शेवटचा आक्षेप गुप्ततेचा: तळाबद्दल बोलायचेच नाही तर प्रश्न कसे विचारायचे? इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. कोणती विमाने किती वाजता कुठे गेली, कुठली हत्यारे लावली होती, याचे चित्रण करू नये, पसरवू नये. मे 2025 च्या लढाईत ‘थेट प्रक्षेपण’ करणाऱ्यांना सरकारला वारंवार आवरावे लागले ते उगाच नव्हे. लोहगावला विमान उतरताना खिडकीतून फोटो काढू नका ही सूचना त्याच कारणासाठी असते आणि ती पाळावी. पण कचरा कोण उचलतो, पक्ष्यांची संख्या कमी झाली का, बांधकामाला परवानगी कोणी दिली, भरपाई कुठे अडली, यात गुपित काहीच नाही. हवाई दल स्वतः आपले मोठे सराव जाहीर करते. ऑगस्ट-सप्टेंबर 2024 मधला ‘तरंग शक्ती’ सुलूर आणि जोधपूरला परदेशी हवाई दलांसह झाला, त्याच्या तारखा सगळ्यांना ठाऊक होत्या. भोपाळच्या मोठ्या तलावावर 30 सप्टेंबर 2023 रोजी झालेली प्रात्यक्षिके पाहायला तर लोकांना बोलावलेच होते. अशा प्रात्यक्षिकांना जाताना पाणी, टोपी आणि परतीची वाट यांची सोय आधी करावी. ऑक्टोबर 2024 मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर ती पाहायला लोटलेल्या गर्दीत पाच जणांचा जीव गेला, तो दिवस कडक उन्हाचा होता.

विमानतळाच्या परिसरासाठी पर्यावरण व्यवस्थापन समिती असते. तळ किंवा विमानतळ, पालिका आणि जिल्हा प्रशासन तिच्यात एकत्र बसतात आणि कचरा, कत्तलखाने, उघडी गटारे यांवर निर्णय घेतात. अडचण अशी की ते निर्णय प्रभागापर्यंत पोचतच नाहीत. पुणे, ग्वाल्हेर किंवा इंदूर, जिथे तुमचे घर आहे तिथल्या नगरसेवकाला विचारा की समितीची मागची बैठक कधी झाली आणि तुमच्या प्रभागासाठी काय ठरले. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकार कायदा, 2005 खाली पालिकेच्या आरोग्य विभागाकडे इतिवृत्ताची प्रत मागा. अर्जात तळाबद्दल एक शब्दही लिहायची गरज नाही. 10 किलोमीटरच्या आतले उघड्या कचऱ्याचे ठिकाण, ते हलवण्याची ठरलेली तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद, एवढेच विचारा.